वीस सुपाऱ्या आणि उघड्यावरचं एक नाटक: पावसाचा अंदाज समितीला कसा दाखवला

हे प्रकरण उत्तर गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका गावातलं. गावाचं, देवस्थानाचं, माणसांची नावं दिलेली नाहीत, रकमा थोड्या गोल केल्यात. मी त्या गावचा, नोकरी पणजीत, काम आकड्यांचं, त्यामुळे "हवामानाचं तूं पळय" म्हणून ही जबाबदारी माझ्या गळ्यात पडली. देवस्थान समितीचे खजिनदार माझे काका लागतात, नाही म्हणायची सोयच नव्हती.

पार्श्वभूमी

देवाच्या उत्सवात दरवर्षी ऑक्टोबरमध्ये देवळासमोरच्या पटांगणात मराठी नाटक होतं. गावातलेच हौशी कलाकार, स्त्री-भूमिकांसाठी बाहेरून दोघी, लाइट, साउंड, पडदे सगळं भाड्याचं. प्रेक्षक साधारण चारशे. वर आभाळ.

ऑक्टोबर म्हणजे नैर्ऋत्य मोसमी पाऊस परतत असतो. दुपारपर्यंत कडक ऊन, जमिनीत ओल भरपूर, आणि घाटाच्या बाजूला चार-साडेचारला ढग उभे राहायला लागतात. वारा पूर्वेचा असला की तेच ढग चोर्ला घाटाकडून सत्तरी, डिचोली करत समुद्राकडे सरकतात. हा जुलैसारखा सगळीकडे पडणारा पाऊस नाही. साखळीत धो धो आणि म्हापशात रस्ता कोरडा, असं सर्रास होतं. तासाभरात खेळ संपतो, पण त्या एका तासात साउंडवाल्याचा मिक्सर भिजला की नाटक संपलंच.

काकांकडे जमाखर्चाच्या जुन्या वह्या होत्या. त्यात बघितलं तर १५ वर्षांत ३ वेळा पावसानं नाटक अडलेलं. म्हणजे अंदाज न बघताही पाचात एक. हा आकडा मी आधीच काढून ठेवला ते बरं झालं, कारण समितीत अर्धे लोक म्हणत होते "आमच्या देवाच्या नाटकाक पावस येना" आणि उरलेले म्हणत होते "दर वर्साक येता".

अडचण नेमकी काय होती

नाटक शनिवारी रात्री ८ वाजता. बुधवारी सकाळी हवामान खात्यानं उत्तर गोव्यासाठी यलो अलर्ट दिला, तुरळक ठिकाणी विजांसह पाऊस. व्हॉट्सअ‍ॅपवर तो पिवळा नकाशा फिरला आणि समितीचे दोन तट पडले. एक म्हणे अलर्ट आलाय म्हणजे पाऊस नक्की, दुसरा म्हणे नुसता यलो आहे, ऑरेंज नाही, रेड नाही, म्हणजे काही नाही.

दोघांचंही चुकत होतं आणि त्यात खात्याचा दोष नव्हता. यलोचा अर्थ 'लक्ष ठेवा'. आणि 'तुरळक ठिकाणी' हा खात्याचा ठरलेला शब्द आहे, त्या भागातल्या २५ टक्के किंवा त्याहून कमी ठिकाणी. तो आख्ख्या जिल्ह्यासाठी आणि आख्ख्या दिवसासाठी असतो. आमचा प्रश्न एका पटांगणाचा, साडेतीन तासांचा. खात्याच्या हिशेबात जोरदार पाऊस २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून सुरू होतो, आमचं नाटक २ मिलिमीटरलाच आडवं होतं.

वर फोनमधलं अ‍ॅप. त्यात शनिवारखाली ढग, दोन थेंब, वीज आणि '६ मिमी'. हा ६ चा आकडा सगळ्यात घातक. मी आत जाऊन बघितलं. युरोपियन सेंटर या हवामान संस्थेचं संगणकावरचं मॉडेल एकदाच चालवत नाहीत, सुरुवातीची परिस्थिती किंचित किंचित बदलून ५१ वेळा चालवतात, त्याला एन्सेम्बल म्हणतात. त्या ५१ पैकी तीसेक रनमध्ये आमच्या भागात शनिवारी जवळपास शून्य पाऊस होता आणि थोड्या रनमध्ये २०, ३०, एकात तर ४० च्या वर. सरासरी काढली की ६. म्हणजे जो ६ मिलिमीटर पाऊस फोनवर दिसत होता तो जवळपास कुठल्याच रनमध्ये पडत नव्हता! एकतर कोरडं, नाहीतर झोडपा.

पहिला प्रयत्न, जो फसला

बुधवारी संध्याकाळी सभामंडपात बैठक. मी लॅपटॉपवर बॉक्स प्लॉटवाला चार्ट घेऊन गेलो, दर सहा तासांना एक पेटी, पेटीच्या वर-खाली मिशा. माझ्या ऑफिसात असले चार्ट रोज चालतात. इथे मी दहा मिनिटं समजावत होतो की पेटीत मधले निम्मे रन आहेत, मिशी दहा टक्क्यांपासून नव्वद टक्क्यांपर्यंत, आणि काका लांब मिशीवर बोट ठेवून म्हणाले, "म्हणजे इतको उंच पावस येतलो?" एक महाजन (देवस्थानाचे वंशपरंपरागत सभासद) म्हणाले पेटी जिथे जाड तिथे पाऊस जाड. शेवटी काका वैतागले, "आरे, पावस पडटलो काय ना तितलेंच सांग, हेर सगळें तुजेकडेन दवर." (बाकी सगळं तुझ्याकडे ठेव.)

हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही ही. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा अंदाजाच्या नकाशावरचा त्याचा तो कोन, तो सुळक्यासारखा पसरत जाणारा आकार सगळ्यांच्या फोनवर होता. मी स्वतः शिकलेल्या लोकांना सांगताना ऐकलंय की आपण कोनाच्या कडेला आहोत म्हणजे वादळाची कडाच लागणार. तो कोन वादळ किती मोठं ते सांगतच नाही, वादळाचा मध्य कुठून कुठून जाऊ शकतो तेवढंच सांगतो. वारा-पाऊस कोनाच्या बाहेरही असतो. १६ मे ला इथे झाडं किती पडली आणि वीज किती वेळ नव्हती ते सगळ्यांना आठवत असेल. चित्राला रेघ असली की माणूस रेघेच्या आत आणि बाहेर असे दोनच भाग बघतो, आणि बॉक्स प्लॉट म्हणजे नुसत्या रेघाच.

टक्के सांगून बघावं म्हटलं, "३५ टक्के शक्यता". त्यावर एकानं विचारलं, "म्हणजे गावाच्या ३५ टक्के भागात?" दुसऱ्यानं, "रातीच्या ३५ टक्के वेळ?" हे फक्त आपल्याकडेच होत नाही. मानसशास्त्रज्ञ गिगरेंझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये अ‍ॅमस्टरडॅम, अथेन्स, बर्लिन, मिलान आणि न्यूयॉर्क इथल्या लोकांना '३० टक्के पाऊस' म्हणजे काय ते विचारलं होतं, न्यूयॉर्क सोडून कुठेही बहुमतानं बरोबर अर्थ आला नाही. मग आमच्या महाजनांना काय बोल लावणार.

सुपाऱ्या

बैठक मोडायला आली होती. समोर तबकात विड्याचं सामान होतं. मी वीस सुपाऱ्या मोजून घेतल्या, त्यातल्या सात पाण्याच्या तांब्यात बुडवून बाहेर काढल्या, ओल्या काळपट दिसायला लागल्या, आणि सगळ्या ओळीनं चटईवर मांडल्या. म्हटलं, असे वीस शनिवार समजा, आभाळाची आजच्यासारखीच तयारी असलेले. तेरा शनिवारी नाटक कोरडं पार पडतं, सात शनिवारी आपण भिजतो. आपला शनिवार यातला कुठला ते मला माहीत नाही, मॉडेललाही नाही.

(५१ पैकी १८ रन ओले होते, विसात बसवले की सात. ५१ मांडल्या असत्या तर मोजण्यातच रात्र गेली असती.)

मग सगळ्या पिशवीत टाकून एकेकाला एकेक काढायला लावली आणि परत टाकायला. काकांना लागोपाठ दोनदा ओली आली, ते गप्प झाले. ज्यांना कोरडी आली ते खूश. पण पाच-सहा जणांनी काढल्यावर 'पडटलो काय ना' हा प्रश्न आपोआप मागे पडला आणि अध्यक्ष म्हणाले, "सात म्हळ्यार आमी कितें करपाचें?" (सात म्हणजे आपण काय करायचं?) त्या संध्याकाळचा पहिला कामाचा प्रश्न हा.

एका म्हाताऱ्या महाजनांनी विचारलं, हा तुझा कौल काय? आमच्याकडे अडलेल्या गोष्टीला देवाला कौल लावतात, पाकळी उजवीकडून पडली की हो, डावीकडून की नाही. मी सांगितलं कौल एकच उत्तर देतो, सुपाऱ्या देत नाहीत, त्या फक्त जोखीम किती ते दाखवतात. पण मनात आलं की एका बाबतीत कौल माझ्या चार्टपेक्षा शहाणा आहे. कौल लावताना भटजी प्रश्न नीट घासून विचारायला लावतात, 'अमुक दिवशी अमुक काम करू का'. मी प्रश्नच न ठरवता चार्ट घेऊन आलो होतो.

आणखी एक गंमत, अर्ध्या तासात पंख्याखाली ओल्या सुपाऱ्या सुकल्या. एकजण म्हणाला, "गेलो पावस!" दुसऱ्या दिवशी निळा खडू लावून आणल्या.

पर्याय

एक, सगळ्या पटांगणावर वॉटरप्रूफ माटव, म्हणजे मांडव, ४२ हजार. माटववाल्यानं स्पष्ट सांगितलं, पावसाची गॅरंटी देतो, वाऱ्याची नाही.

दोन, फक्त रंगमंच आणि लाइट-साउंडच्या टेबलावर छप्पर, १३ हजार.

तीन, तालुक्याच्या ठिकाणी हॉल. तो मिळत होता, पण नाटक देवासमोर व्हायला पाहिजे, आणि म्हातारी माणसं रात्री तिकडे जाणार नाहीत. दोन मिनिटांत बाद.

चार, तारीख बदलणं. बाहेरच्या दोघींच्या पुढच्या तारखा दुसऱ्या गावांना दिलेल्या, सुपारी घेतलेली. बाद.

पाच, काहीच न करणं.

नाटक मोडलं तर सगळं धरून नुकसान साधारण १ लाख ६८ हजार. माटवाचे ४२ हजार भागिले १ लाख ६८ हजार म्हणजे पाव. हवामानाच्या अर्थशास्त्रात याला कॉस्ट-लॉस म्हणतात, बचावाचा खर्च भागिले नुकसान, आणि शक्यता त्याच्या वर गेली की बचाव करावा. सुपारीच्या भाषेत: विसात पाचपेक्षा जास्त ओल्या तर माटव, कमी तर नको. काकांनी हे वहीत लिहून घेतलं. सात आहेत, म्हणजे माटव घालायचा, विषय संपला असं सगळ्यांना वाटलं.

मला मात्र त्या सातवर शंका होती. मी संध्याकाळी साडेपाच ते रात्री साडेअकरा असे सहा तास एकत्र धरले होते. मॉडेलचे आकडे तीन-तीन तासांचे येतात, ग्रीनिचच्या वेळेनं, त्यामुळे आपल्याकडे ते साडेपाच ते साडेआठ आणि साडेआठ ते साडेअकरा असे पडतात. घरी जाऊन दोन्ही वेगळे केले.

निर्णय

गुरुवारी संध्याकाळी चटईवर दोन ओळी मांडल्या. वरची साडेपाच ते साडेआठची, वीसपैकी सहा निळ्या. खालची साडेआठ ते साडेअकराची, वीसपैकी दोन. (एक सुपारी कुणीतरी चघळली होती, तिथे काजूची बी ठेवली.) कुणाला काही समजावावं लागलं नाही. दिग्दर्शकच म्हणाला, मग नाटक नऊला का नाही सुरू करत?

आता नऊला सुरू म्हणजे बाराला संपणार, आणि उघड्यावर रात्री दहानंतर लाउडस्पीकर चालत नाही. सणासुदीला सरकार वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट देतं, ती आमच्याकडे होती, पण बारा म्हणजे बाराच. नाटक मध्यंतर धरून तीन तासांचं. आधीच्या कार्यक्रमात प्रमुख पाहुण्यांचं भाषण, सत्कार, आभार मिळून पाऊण तास. त्यावर जितका वाद झाला तितका पावसावर झाला नव्हता. शेवटी सत्कार नुसती शाल घालून, भाषण नाही. पाहुणे नाराज झाले असणार, पण प्रेक्षक नाही.

मग ठरलं ते असं: नाटक नऊला, रंगमंच आणि साउंडवर १३ हजारांचं छप्पर, कारण सामान दुपारीच लावायचं असतं आणि धोका संध्याकाळचा. मोठा माटव आत्ता नको, पण माटववाल्याला ५ हजार टोकन देऊन शुक्रवार दुपारपर्यंत सामान राखून ठेवायचं. या पाच हजारांवर काका नाखूश होते. माझं मत असं की आम्ही त्या पाच हजारांत एक दिवस विकत घेतला, आणि नाटकाच्या जवळचा एक दिवसाचा अंदाज लांबच्या अंदाजापेक्षा बरा असतो.

शुक्रवारी सकाळचा नवा रन: वरच्या ओळीत आठ, खालच्या ओळीत तीन. दोघेजण म्हणाले वाढतंय, घालूया माटव. हा खरा अवघड क्षण होता, कारण दोनाचे तीन होणं म्हणजे ५१ पैकी दोन-तीन रन इकडचे तिकडे होणं, त्याला 'वाढतंय' म्हणणं मला पटत नव्हतं. पण हेही खरं की ९ किलोमीटरची चौकट असलेलं मॉडेल आमच्या घाटाखालचा एकेक ढग बघूच शकत नाही, तीनच्या जागी खरे चार किंवा पाच असू शकतात, आणि हे मी त्यांना सांगितलं. अध्यक्षांनी वही उघडली, पाचाची रेघ बघितली, म्हणाले तीनचे चार झाले तरी खालीच. माटव रद्द. टोकन गेलं.

काय झालं

शनिवारी दुपारी साडेचारला घाटावर काळं झालं. पणजीच्या रडारवर सत्तरीच्या बाजूला लाल-पिवळे ठिपके दिसायला लागले. सहा वाजता शेजारच्या गावात जोरात पडला. आमच्याकडे ६:५० ला सुरू झाला आणि सव्वासातला थांबला. खुर्च्या रचून ताडपत्रीखाली ठेवल्या होत्या, सामान छपराखाली. नाटक ९:१० ला उभं राहिलं, दुसऱ्या अंकात लांब विजा चमकत होत्या, लोक मान वर करून बघत होते, पण थेंब नाही. पडदा पडला ११:५५ ला.

सगळे खूश. काका ज्याला त्याला सुपाऱ्यांची गोष्ट सांगत सुटले आणि त्यांच्या तोंडी ती 'पुतण्यान बरोबर सांगिल्लें' अशी झाली. मी काहीच बरोबर सांगितलं नव्हतं, वीसपैकी तीन म्हटलं होतं. त्या तिनातला शनिवार आला असता तर हाच निर्णय चुकीचा ठरवून मला गावात तोंड दाखवायची सोय राहिली नसती, निर्णय तितकाच बरा असता तरी.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात मोठी चूक पावसाची नव्हती, विजेची होती, आणि ती माझ्या सुपाऱ्यांमुळेच झाली. मी पाऊस मोजला, पैसे मोजले. ६:५० ला पाऊस आला तेव्हा पटांगणात पन्नास-साठ माणसं होती, त्यात रंगीत तालमीला आलेली पोरं. काही पिंपळाखाली पळाली, काही आमच्या नव्या छपराखाली, लोखंडी खांबांना टेकून. गडगडाट डोक्यावर होता. दहा पावलांवर देवळाचा पक्का सभामंडप, दारं उघडी, आणि तिकडे चला असं माइकवरून सांगायचं कुणाचं काम ते ठरलेलंच नव्हतं. मीच शेवटी ओरडलो, तोवर सात-आठ मिनिटं गेली होती. काही झालं नाही, पण ती सात-आठ मिनिटं मला नाटकापेक्षा जास्त आठवतात.

कॉस्ट-लॉसच्या भागाकारात जीव बसत नाही. १३ हजार, ४२ हजार यांच्याशी त्याची तुलनाच नको, त्याला वेगळा नियम पाहिजे आणि तो शक्यतेवर नको: गडगडाट ऐकू आला की सगळे आत, शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर नाही. 'दामिनी' अ‍ॅप फोनवर होतं माझ्या, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं बनवलेलं, आसपास वीज कुठे पडतेय ते दाखवतं. पण ते बघायला एक माणूस नेमायला हवा होता आणि मी त्या वेळी ताडपत्री ओढत होतो.

दुसरं, प्रश्न आधी ठरवायला हवा होता. किती पाऊस पडला की नाटक मोडतं, किती वाजता, शेवटचा निर्णय कधी. हे तिन्ही साउंडवाल्याला आणि माटववाल्याला एकेक फोन करून मंगळवारीच कळलं असतं. तसं केलं असतं तर बुधवारी मी थेट दोन ओळी मांडल्या असत्या आणि 'सात म्हणजे माटव' असं एक रात्रभर सगळ्यांच्या डोक्यात बसलं नसतं. एकदा बसलेला आकडा काढणं फार जड जातं, गुरुवारीही दोघेजण 'पूण काल सात आशिल्ले' म्हणत होते.

तिसरं, एका शनिवारावरून सुपाऱ्या खऱ्या की खोट्या ते कळत नाही. म्हणून आता काकांच्या वहीच्या मागच्या पानावर देवळाच्या प्रत्येक उघड्यावरच्या कार्यक्रमाला किती निळ्या होत्या आणि पाऊस आला का, एवढंच लिहितो. आतापर्यंत सहा ओळी झाल्यात. त्यात एक वीसपैकी दोनवाली आहे जिच्यात सगळे चिंब भिजले, ती काकांनी लाल पेनानं लिहिलीय, मी सांगितलं नव्हतं तरी.

टोकनचे पाच हजार यंदाच्या हिशेबात 'पावस बघपाक' या नावाखाली पडलेत. ऑडिटरनं त्यावर प्रश्नचिन्ह काढलंय, ते अजून तसंच आहे.